व्याह्यांनी मोडलेला सौदा

या पुणे शहरात मला हातोहात हरवणारा एकच माणूस भेटला, आणि नेमका तो माझा व्याही निघाला. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकण्यापासून मी सुरुवात केली. भाव कसा करायचा हे मला तिथल्या भाजीवाल्या बायकांनी शिकवलं, आणि त्या शिदोरीवर पुढे जमिनीच्या धंद्यात भल्याभल्या बिल्डरांना मी चहा निवायच्या आत खाली आणलं. पण व्याह्यांपुढे माझी मात्रा चालत नाही. घासाघीस करायची तर समोरच्याला काहीतरी हवं असावं लागतं. यांना काही नकोच असतं. त्यात मी पडलो मुलीचा बाप. रागानं कान तापतात, शब्द जिभेवर येतात आणि बाहेर पडतं ते, "अजून थोडं श्रीखंड घ्या ना!"

व्याही सरकारी खात्यातले भूवैज्ञानिक. देशात कुठे कोणतं खनिज आहे आणि कोणत्या गावाखाली किती पाणी आहे, हे सरकार पहिल्यांदाच नीट मोजायला निघालं होतं, तेव्हा ते नोकरीला लागले. तंबू, बैलगाडी, सामान वाहायला दोन खलाशी आणि एक हातोडा एवढ्यावर त्यांनी निम्मा महाराष्ट्र पायी तुडवला. नोकरी संपली, हातोडा राहिला. तो कायम शबनम पिशवीत असतो. लग्नाच्या कार्यालयाच्या पायरीवर त्यांनी तो दोनदा वाजवून पाहिला, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं की मुलाकडचे काहीतरी विधी राहिले आहेत. लग्नानंतर आठवड्याभरात लेकीचा फोन आला, "बाबा, इथे शोकेसमध्ये भांडी नाहीत, दगड आहेत. आणि ते रोज पुसायचे असतात." प्रत्येक दगडाला चिठ्ठी. मुलाचा वाढदिवस ते विसरतात, पण दगड कोणत्या ओढ्यात, किती वाजता उचलला हे त्यांना तोंडपाठ.

पाणी ते पीत नाहीत, चाखतात. लग्न ठरवायला पहिल्यांदा घरी आले तेव्हा बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. ह्यांनी एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बोअरचं आहे. खूप खालून आलंय, क्षार जास्त. फिल्टर बसवून घ्या." मानपानाची बोलणी व्हायची होती, मी अख्खी रात्र आकडे पाठ करून बसलो होतो, आणि हा माणूस आमच्या बोअरची कुंडली मांडून, पोहे संपवून, "आमची काही अपेक्षा नाही" म्हणत उठला. आयुष्यातली सगळ्यात मोठी तयारी फुकट गेली! पत्ता सांगायची तऱ्हाही तीच. एकदा रिक्षावाल्याला म्हणाले, "चढ संपतो तिथे लाव्ह्याचा दुसरा थर सुरू होतो, तिथे थांबवा." रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काका, लाव्ह्याला हाफ रिटर्न लागेल."

मी त्यांना एकदा विचारलं, "एवढे हिंडलात, कधी लोखंड-बिखंड सापडलं की नाही?"

"सापडलं की! चंद्रपूरकडच्या जंगलात."

"मग नाव झालं असेल."

"छे हो. तिथल्या लोहारांना ते आधीच सापडलेलं होतं. आम्ही त्याला फक्त नंबर दिला."

आता सौद्याचं सांगतो. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि कंपन्यांत येणाऱ्या पोरापोरींना राहायला जागा मिळत नव्हती. तिथून जवळच सोपानराव नावाच्या शेतकऱ्याचा एक उघडा माळ होता. त्यावर हॉस्टेल बांधायचं मी मनात पक्कं केलं. जमिनीचे तुकडे विकून झाले होते, आता आपल्या नावाची एक तरी इमारत उभी राहावी, एवढीच इच्छा. हिवाळ्यातले सगळे रविवार मी सोपानरावांच्या ओट्यावर घालवले. "नुसता खडक आहे हो, गवत उगवत नाही. तुमची विहीरसुद्धा अर्धवट, कोरडी ठाक." प्रत्येक वाक्यासरशी भाव एकेक पायरी उतरत होता. फक्त एक गोष्ट मला स्वतःला कळायला हवी होती. खाली पाणी आहे का? हॉस्टेलला पाणी लागतं. म्हणून व्याह्यांना गाडीत घातलं आणि वाटेत तीनदा बजावलं, "तिथे बोलायचं नाही. मान हलवायची नाही. काय ते परत येताना गाडीत सांगा."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'चा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

माळावर सोपानराव भेटले, तरी व्याही चकार शब्द बोलले नाहीत. मी खूश. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते त्या अर्धवट विहिरीत उतरले, तळाच्या काळ्या पाषाणावर हात फिरवत बसले आणि वर आल्यावर सोपानरावांना म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या डाव्या पायाला सहा बोटं होती का हो?"

सोपानराव दचकले. "व्हती. तुमास्नी कसं ठावं?"

"मोठ्या दुष्काळानंतर आमची पाहणी चालली होती. मी तुमच्या गोठ्यात दोन रात्री झोपलोय. त्यांनी मला भाकरी आणि ठेचा वाढला होता. विहीर तेव्हा खणत होते ते."

"काळा पाषाण लागला अन् सोडली. मंग जल्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबला आमचा बा."

मी खोकलो. व्याह्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो पाय शांतपणे बाजूला घेतला.

"सोडायला नको होती. या पाषाणाखाली मांजऱ्या आहे, म्हणजे भोकाभोकांचा मऊ खडक. त्यात पाणी आहे. अजून पंधरा फूट. मी तेव्हाच रिपोर्टात लिहिलंय."

"आन् मंग आमाला का न्हाई सांगितलं?"

व्याही पँट सरळ करत राहिले. "रिपोर्ट इंग्रजीत होता. तो मुंबईला गेला, दिल्लीला गेला. तुमच्या वडिलांना सांगू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. सांगा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. मला काही ते सुचलं नाही. मी भाकरी खाऊन पुढच्या गावाला गेलो."

सोपानरावांनी विहिरीत एकदा वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शेठ, चा घेऊन जावा. सौदा काय आता हुत न्हाई."

परत येताना मोकळ्या रस्त्यावर मी उगाच हॉर्न वाजवत होतो. शेवटी न राहवून म्हटलं, "व्याही, आपलं काय ठरलं होतं?"

"बोलायचं नाही असं."

"मग?"

"अहो, बोलून मी केव्हाच बसलो होतो. फक्त पत्ता चुकला होता. आज दुरुस्त केला."

दुसरा कुणी असता तर मी त्याला तिथेच उतरवला असता. मी घरापर्यंत सोडलं, वर चहाला गेलो, आणि सुनेनं, म्हणजे माझ्याच लेकीनं, केलेला चहा दात आवळून प्यायलो. सोपानरावांनी विहीर पुढे खणली. पाणी अठरा फुटांवर लागलं. सगळा गाव नाचला, आणि व्याही तीन फुटांची चूक झाली म्हणून आठवडाभर उदास. माझं हॉस्टेल पुढे दुसरीकडे झालं, आणि तिथे बोअर कोरडी गेल्यामुळे पाण्याचा टँकर सोपानरावांकडूनच येतो. मी घासाघीस करायला गेलो की ते म्हणतात, "शेठ, रेट फिक्स हाय."

पण त्या दिवसापासून व्याह्यांना नवा नाद लागला. जुन्या वह्या काढून त्यांनी ज्यांना सांगायचं राहिलं अशा गावांची यादी केली. जावयाला कंपनीतून सवड नाही, बस ह्यांना झेपत नाही, गाडी माझ्याकडे. असा मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी या माणसाला मनात शिव्या घालत खेडोपाडी फिरवतो आहे. निम्म्या ठिकाणी आता सांगायलाच कुणी उरलेलं नाही. शेतं गेली, बांध गेले, इमारती आल्या. परवा हडपसरकडच्या एका आयटी पार्कच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. गुडघे धरत उतरले आणि वॉचमनला म्हणाले, "इथे चाळीस फुटांवर चांगलं पाणी आहे."

"काका, पास हाय का?" वॉचमन म्हणाला.

"नाही. पण पाणी आहे."

त्यानं ह्यांच्याकडे नीट पाहिलं. पोरगेलासा, वऱ्हाडी बोलणारा माणूस. "तुम्ही पान्याचं सांगता काय? मंग आमच्या गावचं सांगा न काका. वाशीमकडचा हाओ मी. बाप दोन बोअर मारून बसला, दोन्ही कोरड्या."

व्याह्यांनी पिशवीतून वही काढली. पानांवरून बोट फिरू लागलं. त्यांना आता नीट दिसत नाही, वही अगदी नाकाशी धरतात. मागे गाड्या साचल्या. केबिनमधून सुपरवायझर ओरडत आला, "ए म्हातारबा, गाडी काढ!" आणि व्याह्यांवर ओरडायचं म्हणून मी इतकी वर्षं जे साठवलं होतं, ते सगळं त्या सुपरवायझरवर ओतलं. "म्हातारबा कुणाला म्हणतोस रे? तुझ्या या इमारतीखाली काय आहे हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस बोलतोय. गाडी हलणार नाही, काय करायचं ते कर!" मंडईतला आवाज आहे माझा. तो दोन पावलं मागे सरला.

वळून पाहिलं तर व्याही म्हणत होते, "तुमचं गाव नाही माझ्याकडे. शेजारचं आहे. सांगा बरं, ओढा कुठल्या अंगाला वाहतो?" वॉचमननं टोपी काढून काखेत धरली, आणि माझ्या गाडीच्या धुळीनं भरलेल्या बॉनेटवर तो बोटानं हळूहळू आपला गाव काढू लागला.