झुलेखाची बंद खोली

अलिबागच्या इस्पितळात झुलेखा शेवटची भेटली, तेव्हा तिला स्वतःच्या दुखण्याचं काही पडलं नव्हतं. काळजी होती ती माझ्या घरी ठेवायला दिलेल्या पेटीची. "ताई, खोलीला ऊन लागत नाय ना? गोंद सुटंल. आन् उचलताना हळू. वरच्या खाटेला कठडा नाय." मी वैतागून म्हटलं, "आधी तू बरी हो, मग खाटा बघू." त्याच आठवड्यात तिच्या पुतण्याचा फोन आला... आता महिना होऊन गेला, तरी मी तिच्यावर रागावलेलीच आहे.

आगरदांड्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मूलबाळ नसलेली ही बाई बाहुलीघरातल्या वस्तू करायची. आगपेटीच्या काड्यांची खुर्ची, गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा आरसा, चिमटीत मावेल एवढी सुपली आणि तिच्यात वाळत घातलेला खरा जवळा. माणूस मात्र ती कधी करत नसे. मी चिडवायचे, "एवढा संसार मांडलास, राहणार कोण?" ती म्हणायची, "माणूस ठेवला का खोली बारकी दिसते."

तिचा नवरा हनीफ मस्कतला बांधकामावर होता. तो राहतो ती खोली तिने कधी पाहिली नव्हती, म्हणून तिने ती एका पुठ्ठ्याच्या पेटीत करायलाच घेतली. शुक्रवारी व्हिडिओ कॉल लागला की हिचे प्रश्न सुरू... पंख्याला पाती किती, चादर कसली. तो हसत फोन फिरवायचा. खिडकी, तिच्याखाली खाट, कोपऱ्यात कपाट. चौथी बाजू तेवढी राहायची. "तिथं नुसती भिंत हाय," तो म्हणे. तिलाही ते चालून गेलं, कारण बाहुलीघराला बघायला एक बाजू उघडी लागतेच.

मग एके दिवशी तो झोपेतच गेल्याची बातमी आली. दफनही तिकडेच झालं. झुलेखा त्या खोलीपुढे बसून राही, खिडकीखालच्या खाटेवरची चादर बोटाने सारखी करी. म्हणायची, "तो गेला ती जागा तरी मला ठाऊक हाय."

काही महिन्यांनी तिथला सोबती सत्तार हनीफची बॅग घेऊन आला. मी तिथेच होते. खोली बघून तो पेटीपुढे उकिडवा बसला. मग म्हणाला, "भाबी, ही खाट मुकादमाची. हनीफभाई इथं झोपत नव्हता." आणि त्याने उघड्या बाजूला, रिकाम्या हवेत हात फिरवला. "आमी सगले इकडं. एकावर एक खाटा. तो सगल्यात वर, पत्र्याला लागून." झुलेखा रडली नाही. तिने विचारलं, "खाटा लोखंडाच्या का लाकडाच्या?"

छत्रीच्या काड्या कापून तिने त्या खाटा केल्या, आणि ती सगळी भिंत उघड्या बाजूला कायमची चिकटवून टाकली. खिडकी निळ्या कागदाची, आरपार दिसणारी नव्हे. मी म्हटलं, "अगं, आता आत बघायचं कसं?"

"त्याला दाखवायचं नव्हतं ना, ताई. मंग कोणीच नको बघू."

पुतण्या परवा म्हणाला, ब्लेडने एक बाजू कापू, लोकांना बघता येईल. त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. दुपारी ऊन माझ्या कपाटापर्यंत येतं, म्हणून त्यावरची पेटी रोज आत सरकवावी लागते. त्या दिवशी उचलताना जरा कलली, आणि आत वरून काहीतरी खाली पडलं. तिची एकही वस्तू कधी सुटी नसायची. मग तिचं कठड्याचं बोलणं आठवलं... या खेपेला तिने माणूस केला होता.

आता पेटी हलवली की तो आत जमिनीवर घरंगळतो. मला त्याला परत वर ठेवता येत नाही.