पहिली बशी

बशी हातातून उडवली मी, पोरीच्या व्हटाला लागायच्या आत… चहा सगळा भिंतीवर, पोरगी रडून राहिली, अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "नका पाजू तिला, आत्याबाई, नका!" आत्याबाई म्हंजे माझी सासू. सव्वा महिना झाला, छातीत कळ आली अन् गेल्या, पण मला त्या आठवतात ते त्या दिवसापासूनच. चहा आला की पहिली बशी नातीला, मग आपण, हे रोज बघत होते मी, तरी त्या दिवशी ध्यानात न्हाई आलं. रागानं आंधळी झाले होते. माझी माय किनवटला वारली, सांगावा इथं कंधारला आला, अन् सोयाबीनची रास चालू हाय म्हणून आत्याबाईंनी दोन दिवस मला सांगितलंच न्हाई. मायचं तोंड न्हाई दिसलं. म्हणून त्यांच्या कपात मी फवारणीचं औषध… पोरगी मधी नसती तर थांबवलं असतं का मी? मलाच ठाव न्हाई.

त्यांनी बशीचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं. शेजारीण पळत आली तर म्हणाल्या, "काही न्हाई गं, सुनेचा हात पोळला." ती गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुझ्या मायचं मी चुकले. पण माझ्या नातीची माय जेलात नको."

मग बचत गटात वकीलबाई आल्या. माणूस मेला न्हाई तरी मारायचा प्रयत्न गुन्हाच, म्हणाल्या, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, इजा झाली तर जन्मठेपसुद्धा. आत्याबाईंनीच विचारलं, "अन् ऐनवेळी मन फिरलं तर?"

"नुसती तयारी करून थांबलं तर वेगळं, आजी. पण विष समोर ठेवलं की प्रयत्न झाला. मागून पेला उडवला तरी केलेलं पुसत नाही."

"लई कडक हाय बाई तुमचा कायदा. सासूपेक्षा कडक!"

सगळ्या बाया हसल्या. मी खाली बघून राहिले.

घरी आल्या आल्या म्हणाल्या, "चहा ठेव." पुढं दोन वर्षं माझ्याच हातचा प्यायल्या. पण पहिली बशी नातीला पुन्हा न्हाई दिली. आधी आपण प्यायच्या, जरा थांबायच्या, मग तिला. तेवढा वेळ माझी मान वर न्हाई व्हायची…

आता पोरगी तीच बशी घेऊन येती, "आजीवाणी दे." मी आधी पिते, थांबते, मग देते. मालक फोटोला हार घालताना म्हणतात, "माझ्या आईची लई सेवा केली तू." त्यांना अजून काहीच ठाव न्हाई. सांगावं तर पोरगी माझ्याबिगर… बायांनो, माझ्या जागी तुम्ही असत्या तर सांगितलं असतं का?