गोळ्यांची मोजणी

सुचिता अवसरमोलनं डॉक्टरेटला नाव घातलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. मेहकरची मुलगी. नर्सिंगची पदवी घेतली, नोकरी करता करता सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि पाच वर्षांपासून अमडापूरच्या पुढे नऊ किलोमीटरवर, उमरखुट्याच्या उपकेंद्रात ती समुदाय आरोग्य अधिकारी होती. नेमणूक कंत्राटी. दर वर्षी नवा आदेश यायचा.

नवरा प्रेमानंद एस.टी.त वाहक. फॉर्म पाहून त्यानं विचारलं, "आता अजून काऊन शिकून राह्यली?"

"दर महिन्याले अहवाल पाठवते. त्यातलं खरं किती, त्याचा उपयोग काय, कोणीच विचारत नाही," ती म्हणाली. "मले ते शोधाचं हाय."

प्रेमानंदनं फॉर्मवरचा पत्ता तपासला आणि स्वतःच पोस्टात टाकून आला.

ही डॉक्टरेट नेहमीच्या पीएच.डी.सारखी नव्हती. नोकरी सोडायची नव्हती. वर्षातून दोनदा पंधरा दिवस पुण्याला वर्ग, बाकी काम आपल्याच गावात. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पुस्तकात काय कमी आहे ते शोधू नका. तुमच्या रोजच्या कामात काय बिघडलंय ते शोधा, दुरुस्त करून पाहा, आणि झालं की नाही ते प्रामाणिकपणे लिहा."

सुचितानं विषय घेतला रक्तदाबाचा. उपकेंद्राच्या पाच गावांत बीपीचे चारशे बारा रुग्ण नोंदलेले होते. त्यातले तीनशे चोपन्न नियमित गोळ्या घेतात असं नोंदवही सांगत होती. उरलेले अठ्ठावन्न का घेत नाहीत, एवढंच तिला शोधायचं होतं. विषय सुटसुटीत होता. मॅडमनी तो लगेच मान्य केला.

नोव्हेंबरात जनकाबाई तुरीच्या वावरात पडली. साठीला टेकलेली, रोजानं कामाला जाणारी बाई. लकव्यानं उजवा हात आणि पाय गेला. बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर सुचिता भेटायला गेली. जाण्याआधी तिनं नोंदवही पाहिली होती. जनकाबाईच्या नावापुढं जानेवारीपासून दहाही महिने बरोबरची खूण होती.

"मावशी, गोळ्या चालू व्हत्या ना?"

जनकाबाईची जीभ जड झाली होती. ती थांबत थांबत बोलली. "आखाडातच सरल्या."

"मंग नेल्या काऊन नाही?"

"तुमचं दार दहाले उघडते. आमची गाडी सातले निंगते. वापस येतो तवा तुमचं कुलूप लागेल रायते. गोळ्यासाठी रोज पाडावं काय मी?" डाव्या हातानं तिनं गोधडी वर ओढली. "अन् तुमी तरी कवा इचाराले आल्या?"

सुचिता उपकेंद्रात परत आली आणि पुन्हा नोंदवही उघडली. आखाडापासूनच्या चारही खुणा तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या होत्या. कशा झाल्या तेही तिला आठवलं. महिनाअखेरीला ॲपमध्ये माहिती भरायची घाई, आशाताई मंजुश्रीला फोन, मंजुश्री म्हणायची, "हाव मॅडम, घेतात सगळे," आणि सुचिता एका बैठकीत पान भरून टाकायची. तिला कोणाला फसवायचं नव्हतं. पण तिनं खोटं लिहिलं होतं, आणि तीनशे चोपन्नांपैकी आणखी किती नावं जनकाबाईसारखी होती हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मंजुश्रीला सांगितलं, "सगळ्या चारशे बारा जणांच्या घरी जायचं. गोळ्या घेता का, असं विचारायचं नाही. डबा काढायला लावायचा आणि गोळ्या मोजायच्या."

मंजुश्री हळूच म्हणाली, "मॅडम, यात आपलंच नाव येईन."

"माझं पहिले येईल. तुझं मी कुठंच लिहिणार नाही. तू फोनवर बोललीस. खूण मी केली."

दोघी रोज सकाळी लवकर आणि रविवारी दिवसभर फिरल्या. कुणाच्या डब्यात गेल्या वर्षीच्या गोळ्या निघाल्या, कुणी त्या सुनेला देऊन टाकल्या होत्या, एक म्हातारा डोकं दुखलं तरच एक घ्यायचा. मोजणी संपायला सात आठवडे लागले. नियमित गोळ्या घेणारे निघाले एकशे एकोणचाळीस.

तिनं तो आकडा मॅडमना पाठवला. त्यांचा फोन आला. "सुचिता, आता तुझा खरा विषय हा आहे. पण नोंदी सरकारी आहेत. वापरायच्या तर तालुक्याची लेखी परवानगी हवी. आणि तुझी नेमणूक कंत्राटी आहे. विचार करून ठरव."

ती दोन दिवसांनी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेली. तालुक्याच्या अधिकारी साहेबांनी तिचा परवानगीचा अर्ज वाचला आणि उलटा करून ठेवला.

"आकडे बदला असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "विषय बदला. मलेरिया घ्या, लसीकरण घ्या."

"सर, लसीकरणात माझी चूक झालेली नाही. यात झाली आहे."

"चूक एकट्या तुमची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. हे छापलं तर बाकीच्या उपकेंद्रांचं काय?"

"बाकीच्यांबद्दल मी एक ओळही लिहिणार नाही. मी मोजलं तेवढंच लिहीन."

परवानगी मिळाली नाही. त्याऐवजी आठवड्यानं नोटीस आली: खोट्या नोंदी का केल्या याचा खुलासा करावा. सुचितानं अर्धं पान लिहिलं. नोंदी माझ्या आहेत, पडताळणी न करता केल्या, आता प्रत्येक रुग्णाची पडताळणी केली आहे, यादी सोबत जोडली आहे. त्या महिन्यापासून तिनं ॲपमध्येही खरे आकडे भरले, आणि उमरखुटा तालुक्याच्या यादीत एकदम शेवटच्या नंबरावर गेलं. आढावा बैठकीत तिला उभं करून विचारलं गेलं. ती उभी राहिली, उत्तर दिलं आणि खाली बसली.

परवानगी अडली तरी उपकेंद्राचं दार लवकर उघडायला कुणाची मनाई नव्हती. खरं तर दार उघडायचीही गरज पडली नाही. मजूर बायांच्या गाड्या शाळेच्या भिंतीजवळ लागायच्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला सुचिता आणि मंजुश्री तिथंच टेबल मांडून बसू लागल्या. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून तिनं ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची सोय करून घेतली.

पहिल्या दिवशी सात बाया आल्या. तुळशीराम गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. "मॅडम, वावरवाला मले बोलते. तुमचं डॉक्टरपण सांजीले करत जा."

"तुम्हीच या आधी. दोन मिनिटं लागतात."

तो तणतणत येऊन बसला. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी निघाला. सुचितानं पुन्हा मोजलं, तेवढाच. गोळ्या खिशात घालून तुळशीरामनं गाडी चालू केली, आणि पुढच्या गुरुवारपासून दहा मिनिटं आधी येऊन उभा राहू लागला.

मार्चमध्ये नेमणुकीचा नवा आदेश आला, त्यात लेखी ताकीद होती. तरी आदेश आला. मेमध्ये साहेब न सांगता सकाळीच शाळेजवळ आले. टेबलापुढं तीसेक बाया होत्या. सुचिता कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत होती. तिनं मान हलवून नमस्कार केला आणि पट्टा बांधत राहिली. साहेब रांग संपेपर्यंत उभे होते. जाताना म्हणाले, "गावाचं आणि तालुक्याचं नाव येणार नसेल तर सही करतो."

"नाही येणार, सर."

पुढचं वर्ष तिनं काम केलं, लिहिलं, मॅडमनी खोडलं, तिनं पुन्हा लिहिलं. दुसरी मोजणी झाली तेव्हा नियमित गोळ्या घेणारे दोनशे बासष्ट होते. बाकीचे का नाहीत तेही तिनं मांडलं: काही ऊसतोडीला गेलेले, काही देवळात मिळणाऱ्या काढ्यावर, काही सांगूनही न ऐकणारे.

पुण्याला तोंडी परीक्षेत तिनं जनकाबाईचं 'गोळ्यासाठी रोज पाडावं काय मी?' हे वाक्य जसंच्या तसं वाचलं, तेव्हा समोरचे एक परीक्षक हसले. बोली त्यांना गमतीची वाटली असावी. सुचितानं वाक्य पूर्ण केलं आणि त्याचा अर्थ सांगितला: गोळ्या आणायच्या तर दिवसाची मजुरी बुडते. ते हसायचे थांबले. मग त्यांनीच अवघड प्रश्न विचारला. "चूक तुमची, दुरुस्ती तुमची, मोजणारही तुम्हीच. आम्ही विश्वास का ठेवावा?"

"दुसरी मोजणी मी केली नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरनी केली. पहिल्या वेळी कोणत्या घरात काय निघालं होतं, ते त्यांना दाखवलं नव्हतं. पहिल्या नोंदवहीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, म्हणूनच ती खोटी राहिली, सर."

किरकोळ दुरुस्त्या सुचवून प्रबंध मान्य झाला. त्या दुरुस्त्यांना दीड महिना लागला.

पदवी मिळाल्यावर एका संस्थेनं तिला शिकवायला बोलावलं. तिनं नकार कळवला. त्याच पावसाळ्यात जिल्ह्यातून पत्र आलं: नव्यानं रुजू झालेल्या बावीस समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एक दिवस शिकवाल का? ती गेली. भाषण अर्ध्या तासात आटोपलं. मग प्रत्येकाला आपापल्या उपकेंद्राच्या यादीतली कोणतीही दहा नावं लिहून काढायला लावली. म्हणाली, "शनिवारपर्यंत या दहा घरी जा, डबा उघडा, मोजा, आणि मला फोन करा."

मागच्या रांगेतून हर्षल नावाच्या मुलानं विचारलं, "मॅडम, अन् आकडा कमी आला तर?"

"तर कमी लिहा."

शनिवारपर्यंत नऊ जणांचे फोन आले. उरलेल्या तेरा जणांचे नंबर तिच्याजवळ होते. सोमवारी टेबलाचं काम उरकल्यावर तिनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.