टायगर, टी-थर्टीफोर आणि निकम सरांचा एक प्रश्न

आदरणीय रघुनाथ केशव निकम सरांची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या रविवार कारंजाजवळ, एका रद्दीच्या दुकानात झाली. भेट कसली, झटापटच ती! जुन्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात मला एक अंक दिसला. मधल्या दोन पानांवर बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं उभं छेदचित्र होतं, इंजिनखोलीपासून तोफांच्या बुरुजापर्यंत सगळं दाखवलेलं. मी हात घातला, तर अंकाचं दुसरं टोक एका उंच, सावळ्या गृहस्थांनी आधीच धरलेलं.

"मी आधी पाहिलाय," मी म्हणालो. पंचविशी होती, डोकं गरम होतं.

"पाहिला तुम्ही आधी, पण धरला मी आधी. आता काय करू या?" ते शांतपणे म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांवरच्या शाईकडे गेलं. काय काम करता, त्यांनी विचारलं. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन आहे, नकाशे काढतो, मी सांगितलं. "मग प्रश्नच मिटला. अंक तुम्ही न्या. चित्राची ट्रेसिंग पेपरवर नक्कल काढा आणि रविवारी सकाळी मला आणून द्या." त्यांनी पत्ता सांगितला आणि ते निघूनही गेले. माझं नावसुद्धा विचारलं नाही. मी अंक घेऊन पसार झालो असतो तर? हे मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. ते म्हणाले, "जो माणूस बिस्मार्कसाठी भांडतो, तो तिची नक्कल काढल्याशिवाय राहील का?"

त्या रविवारी मी सातपूरला त्यांच्या घरी गेलो. या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. रविवार काही संपला नाही.

सर तेव्हा आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला शिकवत असत. मूळचे ते कळवणकडचे. आजही गावाकडचं कुणी भेटलं की "कसं शे भाऊ?" म्हणून त्यांचा चेहरा खुलतो. घरामागे त्यांनी पत्र्याची शेड उभी केली होती. तिथे एक जुनं लेथ मशीन, खोक्यांच्या फळ्यांची दोन बाकं आणि भिंतीला माझ्यासारख्यांनी काढून दिलेली रणगाड्यांची आणि जहाजांची चित्रं. दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण तिथे जमत असू. विषय एकच, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आणि युद्धनौका. बिस्मार्क भारी की जपानची यामातो? जर्मनांचा टायगर सरस की रशियाचा टी-थर्टीफोर? निफाडचे आमचे एक बागायतदार स्नेही हंगामात द्राक्षं आणत, एरवी चिवडा असे, चहा सरांच्या पत्नी मालतीवहिनींचा. चहाचा ट्रे ठेवताना वहिनी म्हणत, "अहो, ती लढाई संपून किती वर्षं झाली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" मधूनच देवळालीकडून तोफांच्या सरावाचा आवाज येई, शेडचा पत्रा थरथरे आणि सर म्हणत, "घ्या, पंचांनी निकाल दिला. कुणाच्या बाजूने दिला ते तेवढं विचारून या."

या बैठकीचा सरांनी घालून दिलेला एक नियम होता. कुणी काहीही मुद्दा मांडला की सर विचारत, "हे कुणाचं?" म्हणजे हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं, कुणाकडून ऐकलं, की तुमचं स्वतःचं आहे? जे असेल ते नावानिशी सांगायचं. स्वतःचं असेल तर "माझं" म्हणायचं आणि मग चूक निघाली तर ती निमूट पदरात घ्यायची. सुरुवातीला या प्रश्नाचा मला भयंकर राग येई. मी टायगरच्या चिलखताची जाडी सांगावी आणि यांनी "कुणाचं?" करावं! पण या एका प्रश्नाने आमची अर्धी फुशारकी गळून पडली. हल्ली तरुण मंडळी मोबाइल घेऊन येतात. परवाच एकजण म्हणाला, "सर, हे नेटवरचं आहे." सरांनी विचारलं, "नेट म्हणजे कोण? नाव सांगा, त्यांना चहाला बोलावू." पोरगं असं लाजलं, की पुढच्या रविवारी पुस्तक घेऊनच आलं.

युद्धाच्या गोष्टी करणारा माणूस युद्धवेडा असेल असं लोकांना वाटतं. सरांच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. एकदा मी रंगात येऊन हूड या ब्रिटिश युद्धनौकेचं वर्णन करत होतो. बिस्मार्कचा गोळा बसला आणि काही मिनिटांत एवढं मोठं जहाज फुटून बुडालं, असं सांगताना मी चक्क टाळी वाजवली. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "चौदाशेच्या वर माणसं होती आत. तीन वाचली. टाळी कोणासाठी वाजवलीत?" त्यानंतर आमच्याकडे जहाज बुडवायचं तर आधी आतली माणसं सांगायची, ही रीत पडली. असाच एकदा सरांनी एका निवृत्त हवालदारांना बोलावलं होतं. त्यांची सगळी नोकरी रणगाड्यावर झालेली. आम्ही उत्साहाने विचारलं, सगळ्यात चांगला रणगाडा कोणता? ते म्हणाले, "ज्याच्यातून पटकन बाहेर पडता येतं तो." आम्ही हसलो, पण सर हसले नाहीत. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, हवालदारांच्या नावासकट.

इथवर मी सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाला शोभेल असं लिहिलं. आता मला या लेखात जे काम उरकायचं आहे, त्याकडे वळतो. ते सांगितल्याशिवाय सरांचा मोठेपणा मला सांगता येणार नाही आणि ते सांगताना माझा छोटेपणा लपणार नाही. त्याला इलाज नाही.

आमच्या बैठकीत प्रभाकर बोरसे नावाचा माझा जिवलग मित्र होता. अंबडला त्याचा छोटा कारखाना. द्राक्षबागांच्या फवारणी पंपांना लागणारे पितळी नोझल तो बनवत असे. मी टायगरचा भक्त, तो टी-थर्टीफोरचा. मी म्हणायचो, टायगर म्हणजे घडवलेली वस्तू, प्रत्येक भाग मापात. तो म्हणायचा, अरे, आतलं एक चाक बदलायला बाहेरची चाकं उतरवावी लागतात, ती काय वस्तू? माझा टी-थर्टीफोर शेतातला माणूससुद्धा ठोकून ठोकून चालवेल. मी म्हणायचो, ठोकूनच चालवावा लागतो, गिअर पडायला हातोडी लागते त्याला! असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. सुधा, म्हणजे माझी पत्नी, म्हणायची, तुमची भांडणं ऐकून वाटतं उद्या दोघं दारात रणगाडे आणून उभे करणार.

एका रविवारी प्रभाकरची बाजू फार वरचढ झाली. नवे चार-पाच लोक ऐकायला आलेले, ते त्याच्या बोलण्याला माना डोलवत होते. मला ते सहन झालं नाही. आदल्याच आठवड्यात प्रभाकरने मला एकट्याला, फार खचून, सांगितलं होतं की घाईत काढलेला त्याचा मोठा माल सदोष निघाला आणि सगळा परत आला. मी भर बैठकीत म्हणालो, "ज्याला नुसता ढिगाने माल काढायचा असतो, त्याला टी-थर्टीफोरच आवडणार. सांग ना सगळ्यांना, या महिन्यात तुझा किती माल परत आला ते!"

प्रभाकरने अर्धा प्यालेला कप बाकावर ठेवला, चपला घातल्या आणि तो गेला. नेहमी "कुणाचं?" विचारणाऱ्या सरांनी त्या दिवशी मला काही विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, असं मला पुढे किती वेळा वाटलं!

प्रभाकर परत बैठकीला आला नाही. मीही त्याच्या दारी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, मग जायची लाज वाटू लागली आणि मग त्या लाजेचीच सवय झाली. आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच शहरात! तो रस्त्यात दिसला की मी दुकानाच्या पाट्या वाचत उभा राहायचो.

त्याच सुमारास सर दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी येऊ लागले. चहा घ्यायचे आणि टी-थर्टीफोरची बाजू मांडायचे. मला आश्चर्य वाटे, कारण सरांनी स्वतःची बाजू आम्हाला कधीच कळू दिली नव्हती. टायगर की टी-थर्टीफोर, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. मी एकदा त्यांचाच नियम त्यांना लावला. "सर, हे कुणाचं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एका माणसाचं." उत्तर देताना सर अडखळलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या मुद्द्यांना मी चिडून चिडून उत्तरं द्यायचो, ट्रेसिंग पेपरवर टायगरच्या एकावर एक बसवलेल्या चाकांच्या आकृत्या काढून द्यायचो. सर त्या नीट गुंडाळून पिशवीत ठेवत. पुढच्या गुरुवारी त्या आकृतीवरचा आक्षेप हजर!

मग सरांचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तर खाटेजवळच्या स्टुलावर प्रभाकर. सरांना झोप लागलेली. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण त्याच्या मांडीवर एक भेंडोळं दिसलं. माझ्याच आकृत्या. प्रत्येकीच्या कडेला लाल पेन्सिलीने त्याचे आक्षेप, शब्द न् शब्द सरांच्या तोंडून मी ऐकलेले.

"हे तुझ्याकडे कसं?" मी विचारलं.

"सर शुक्रवारी येतात माझ्याकडे. गुरुवारी तुझ्याकडे येत असणार." तो म्हणाला. "पहिल्याच कागदावर ओळखलं मी. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ नाशिकमध्ये दुसरं कोण मारतो?"

"मग बोलला का नाहीस रे?"

"म्हटलं, आज ना उद्या माफी मागशील. दर शुक्रवारी वाट बघायचो. तू पाठवायचास टायगरची चाकं."

मला हसू यावं की रडू, काही कळेना. दोन्ही आलं. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, चुकलं माझं. तो म्हणाला, बस, डबा थंड होतोय. सर डोळे मिटूनच म्हणाले, "चाकांचा मुद्दा राहिलाय अजून." म्हणजे झोप कसली, सगळं ऐकत होते!

सर बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हा दोघांना उलट्या बाजू दिल्या. मी टी-थर्टीफोरकडून बोललो, प्रभाकर टायगरकडून. काय सांगू, माझ्या टायगरबद्दल तो माझ्यापेक्षा सरस बोलला. आठ वर्षं माझी उत्तरं घोकली होती त्याने. गेली बारा वर्षं आम्ही पुन्हा त्याच बाकावर शेजारी बसतो.

एवढ्यावर हे संपलं असं मी धरून चाललो होतो. पण या गौरवग्रंथाचं ठरलं तेव्हा मी सरांना विचारलं, पंचाहत्तरीला तुम्हाला काय भेट देऊ? शाल, नारळ, मानपत्र, काही नको म्हणाले. मग म्हणाले, "विलास, तू बोललास ते चारचौघांत आणि माफी मागितलीस ती दवाखान्याच्या कोपऱ्यात. तेवढं पुरं कर." बारा वर्षं हे त्यांच्या मनात होतं आणि त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. आठ वर्षं ऊन-पाऊस न पाहता दोन घरांच्या चकरा मारल्या, आपला आवडता नियम मोडून "एका माणसाचं" असं मोघम उत्तर दिलं, ते आम्हा दोघा हट्टी माणसांसाठी. असा माणूस आपल्याला लाभावा, याला भाग्य म्हणतात. मला ते लाभलं, आणि हे मी डोळे पुसतच लिहितो आहे.

तर हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्व स्नेह्यांच्या, सरांच्या विद्यार्थ्यांच्या आणि त्या रविवारी शेडमध्ये हजर असलेल्या प्रत्येकाच्या साक्षीने सांगतो. मित्राने विश्वासाने सांगितलेलं दुःख मी वाद जिंकण्यासाठी वापरलं. प्रभाकर, मला माफ कर.

सर, टायगर की टी-थर्टीफोर, याचा निकाल शंभराव्या वाढदिवसाला देण्याचं तुम्ही कबूल केलंत. तोवर तुमची तब्येत खणखणीत राहो, वहिनींच्या चहाला तीच चव राहो, पत्रा असाच थरथरत राहो. आम्ही दोघं पंचवीस वर्षं थांबायला तयार आहोत, तुम्हाला मात्र थांबावंच लागेल. आणि त्या दिवशी जे तुम्ही मला विचारलं नाहीत, त्याचं उत्तर उशिरा का होईना, आज देतो. "सांग ना सगळ्यांना, या महिन्यात तुझा किती माल परत आला ते!" हे कुणाचं?

माझं, सर.