ओढणीतली सुकट

शनिवारची दुपार. भांडी पालथी घालून झाली आहेत आणि महानंदा हॉलमधल्या चटईवर कूस बदलते आहे. गळपट्ट्याच्या दोरीचं टोक तिने मनगटात अडकवून ठेवलं आहे. दुसऱ्या टोकाला पाच महिन्यांचं पिल्लू, पैलवान, तिच्या पोटऱ्यांना पाठ टेकून. नाव पैलवान, पण कुणी छत्री उघडली की हा कपाटामागे. आणि रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की त्याच भीतीने असा आरडाओरडा करतो की सगळी गल्ली खिडकीत येते.

आज सकाळी परबांचा म्हातारा मोती समोरून आला आणि पैलवानाने अशी मुसंडी मारली की महानंदा गटाराच्या कडेला पालथी पडली. गुडघा फुटला, दोन बांगड्या फुटल्या. तिच्या नवऱ्याने, गुरुनाथने, गुडघ्याला औषध लावलं आणि सांगून टाकलं, "उद्याचो दिवस बघतंय. परत असा झाला तर ह्येका मित्राच्या काजूच्या बागेत नेऊन सोडतलंय." वर नेहमीचं वाक्य आलंच. "वैजू असती तर दोन दिसांत सरळ केल्यान असता."

वैजू म्हणजे वैजयंती, गुरुनाथची पहिली बायको. काविळीने गेली, त्याला सहा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी महानंदा गडहिंग्लजहून घाट उतरून सावंतवाडीत आली, दुसरेपणावर. तिला सगळं मांडलेलं घर मिळालं. मिसळणाचा डबा वैजूचा, पडदे वैजूचे, नवऱ्याची चहा बशीत ओतून प्यायची सवयसुद्धा वैजूने लावलेली. सासूने सवतीचा चांदीचा टाक, तिची छोटीशी प्रतिमा, करून दिला, गळ्यात घाल म्हणाली. महानंदाने तो बटणांच्या डब्यात टाकला. घरात आपलं असं काय आलं, तर हे पिल्लू. ते तिने बाजारातल्या पायरीखालून उचलून आणलं होतं, वैजूने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. आणि आता त्याच्याही बाबतीत वैजू असती तर! महानंदाला हेवा वाटतो. मेलेल्या बाईचा हेवा करायची लाजही वाटते, पण हेवा लाजेला जुमानत नाही.

डोळे मिटतात. वरचा पंखा फिरतो, मग फिरण्याचा आवाज तेवढा उरतो. मनगटाला हलका हिसका बसतो.

पैलवान दाराशी उभा आहे. दार उघडंच आहे. महानंदा त्याच्यामागून जिना उतरते. तिचं घर पहिल्या मजल्यावर, पण पायऱ्या संपत नाहीत, आणि संपतात तेव्हा ती माहेरच्या शाळेच्या व्हरांड्यात असते. फरशी ओली आहे. वर्गांतून मुलांचे नाही, मासेवाल्या बायकांचे आवाज येताहेत.

व्हरांड्याच्या टोकाला एक बाई पदर खोचून उभी आहे. हॉलमधल्या फोटोतलीच, फक्त केस ओले. वयाने आता महानंदाच दोन वर्षांनी मोठी आहे.

पैलवान बघतो. महानंदा वाट पाहते, आता भुंकेल. तो भुंकत नाही. शेपूट हलवत जातो आणि वैजूच्या पावलावर बसतो, जन्मभराची ओळख असल्यासारखा.

महानंदाच्या अंगाचा तिळपापड होतो. "ते माझं कुत्रं आहे."

"होय गो," वैजू म्हणते. "माका कित्याक सांगतंस? दोरी तुझ्याच हातात हा."

दोरी खरंच तिच्या हातात आहे. तीन वेढे मुठीवर, नखं तळव्यात रुतलेली. याला सरळ कसं करायचं ते विचारायचं तर आहे, पण विचारवत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती भलतंच बोलते. "तुमचा कुत्रा, रुप्या, म्हणे फार शहाणा होता. दोन दिवसांत सरळ केला होता म्हणे."

वैजू पोट धरून हसते. "ह्या गुरुनाथान सांगल्यान? अगो, रुप्या आठ म्हयने खाटेखाली मुतत होतो! रोज अर्ध्या वाटेवरसून मी तेका परत आणी. बापयांका शेवटचे दोन दिसच आठवतत."

महानंदाला बरं वाटतं. इतकं बरं वाटतं की स्वतःचाच राग येतो.

वर्गाचं एक दार उघडतं. आतून मोती येतो. दुसऱ्या दारातूनही मोतीच. व्हरांडा आता परबांच्या घरासमोरचा रस्ता आहे, कडेला सकाळच्या बांगड्यांचे तुकडे पडलेत. महानंदा श्वास रोखते आणि दोरी आखूड धरते. लगेच पैलवानाची पाठ ताठ होते, मानेवरचे केस उभे राहतात.

"बघ," वैजू म्हणते. "तेणा मोतीक बघूक पण नाय हुता. तू आधी घाबरलंस. दोरी ताणलंस, तेका वाटला, काय तरी वायट येता."

"मग काय करू? सोडून देऊ?"

"सैल धर, सोडू नको. आणि फिर मागे. जेवढ्या लांबसून तो गप रवता, तेवढ्या लांब उभी रव. आज पन्नास पावलां, म्हयन्यान चाळीस. परत फिरलंस म्हणून काय तुझी नाचक्की होवची नाय."

महानंदा वळते. पन्नास पावलं. एक वेढा सोडते, दुसरा सोडते. वैजू कमरेची पिशवी सोडून मूठभर काहीतरी रस्त्यावर उधळते. पैलवानाचं नाक खाली जातं. तो वेचतो, हुंगतो, वेचतो. लांबून मोती निघून जातात, एकामागून एक. पैलवान एकदा मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली घालतो.

"काय आहे ते?"

"सुकट. तो माझ्याकडे कित्याक इलो, तुका काय वाटला? प्रेमान?"

महानंदाला हसू येतं, ते ती दाबते. घाट उतरल्यापासून तिने मासळीला हात लावलेला नाही. ती आल्यावर या घरात मासळी शिजली नाही. गुरुनाथ मित्राकडे जेवून येतो आणि दारातच चूळ भरतो. या घरावर तिने मिळवलेला तो एकच हक्क.

"मी नाही हात लावणार त्याला."

"मगे धाड काजूच्या बागेत."

पैलवान जमीन चाटून वर बघतो. वैजूकडे, मग तिच्याकडे. महानंदा ओढणीचं टोक पुढे करते. वैजू त्यात सुकट घालते आणि गाठ मारते. तिची नजर महानंदाच्या गुडघ्यावर थांबते. तिथे रक्त अजून ओलं आहे.

"माझ्यार जळतंस ना?" वैजू विचारते.

"हो."

"मी पण. तुझ्या ढोपराक औषध लावल्यान तेणा. माझा ढोपार आता कदी फुटूचा नाय."

रस्ता ओसरतो, पायाखाली पुन्हा ओली फरशी लागते. मासेवाल्यांचा गलका लांब जातो.

"मी भेटलंय म्हणान तेका सांगतलंस?"

"नाही," महानंदा म्हणते. खोटं बोलावंसंही वाटत नाही.

"नको सांगू. पण तेवढा माका बटणांतसून बाहेर काढ. टोचतत गो."

"बरं, अक्का," ती म्हणते. हा शब्द कुठून आला ते तिचं तिलाच कळत नाही.

मनगटाला हिसका बसतो. वर पंखा आहे. साडेचार वाजलेत. पैलवान तिच्या छातीशी येऊन ओढणीचं टोक चाटतो आहे, दातांनी ओढतो आहे. टोकाला गाठ आहे. खोलीभर तो वास आहे, जो चार वर्षं उंबऱ्याबाहेर राहिला होता.

कुलूप उघडतं. गुरुनाथ आत पाऊल टाकतो आणि थांबतो. श्वास घेतो. त्याचा चेहरा उजळतो. चार वर्षांत हा चेहरा तिच्या वाट्याला आलेला नाही.

"सुकट?" तो हळूच विचारतो. "घरात? कोणी आणल्यान?"

महानंदा ओढणीची गाठ मुठीत घट्ट धरते.

"मी," ती म्हणते. "पैलवानासाठी. चला, फिरवून आणू. परबांच्या घरापर्यंत नको, पन्नास पावलं अलीकडेच थांबायचं."

तो दारातून मागे सरतो. दोरी सैल आहे, पैलवान नाक वर करून तिच्या मुठीमागे चालतो आहे. दाराजवळच्या फोटोसमोर ती क्षणभर थांबते. रोज पुसते, पण डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं.

"हसू नका, अक्का," ती पुटपुटते, आणि चप्पल घालते.