दामले काकांच्या घरचा अनडिसायडेड व्होटर

लाइव्ह जायला थोडाच वेळ उरला होता. दामले काका तोंडाला पावडर लावून सोफ्यावर बसले होते आणि काकू आमच्या रिचर्डला आणखी एक साबुदाणा वडा वाढत होत्या. तो नको नको म्हणत खात होता.

२००४ची निवडणूक. ओहायो कुठे झुकतं यावर देशाचं गणित अडलेलं, त्यामुळे वॉशिंग्टनचे टीव्ही पत्रकार आमच्याकडे टोळधाडीसारखे उतरले होते. रिचर्ड त्यातला मोठा स्टार. मी कोलंबसच्या लोकल स्टेशनची फील्ड प्रोड्यूसर. म्हणजे माणसं शोधायची, खुर्च्या हलवायच्या आणि हे सगळं स्टारनंच शोधलं असं त्याला वाटू द्यायचं. काम आवडलं तर तो मला वॉशिंग्टनला नेणार होता.

"इंडियन अनडिसायडेड व्होटर पाहिजे," त्यानं फर्मावलं. म्हणजे कुणाला मत द्यायचं हे अजून न ठरवलेला मतदार. "मागे किचन दिसलं तर बेस्ट."

मी कोलंबसच्या शेजारच्या डब्लिन गावात दामले काकांना फोन केला. मराठी मंडळात ते सगळ्यांना ओळखतात.

"अगं, शोधतेस कशाला? मीच आहे की!" काका म्हणाले.

आता माइक लावताना मी सहज विचारलं, "काका, मागच्या वेळी कुणाला दिलंत मत?"

"मागच्या वेळी कुठून? ग्रीन कार्डवर आहे मी. सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे."

"मग व्होटर आहे म्हणून कशाला सांगितलंत?"

"तुला पाहिजे होता ना! नाही कसं म्हणायचं?"

सिटिझन नसताना मतदार आहे म्हणून सांगणं इथे फार महागात पडतं. अर्ज बाराच्या भावात जातो, वर देशाबाहेर काढू शकतात. आणि काका ते अख्ख्या अमेरिकेसमोर सांगणार होते.

मी रिचर्डला बाजूला घेऊन सांगितलं. तो टायवरचं तेल पुसत होता.

"हे तू मला सांगितलंच नाहीस असं समज," तो म्हणाला.

"त्यांचा अर्ज जाईल."

"आता दुसरा इंडियन कुठून आणू? वॉशिंग्टनला यायचंय ना तुला?"

मेल्या, खाल्ल्या वड्याला तरी जाग! असा संताप आला होता!

स्क्रीनवर माणसाच्या नावाची पट्टी येते ना, तिचा मजकूर कंट्रोल रूमला मीच कळवत असे. मी फोन लावला. मग काकांच्या कानात म्हटलं, "खरं तेच बोला. माझी शपथ आहे तुम्हाला."

कॅमेरा सुरू झाला. रिचर्डनं ठेवणीतला गंभीर आवाज काढला, "अमेरिकेचं भवितव्य या माणसाच्या हातात आहे." खाली पट्टी आली: 'दामले, डब्लिनचे रहिवासी. मतदानाचा अधिकार नाही.'

"कुणाला मत देणार?" त्यानं विचारलं.

"मी अजून सिटिझन नाही हो," काका म्हणाले. "पण तुम्ही घरी आलात, बरं वाटलं. वडा घ्या ना आणखी."

माझं वॉशिंग्टन कॅन्सल झालं. मला सांडपाणी कमिटीच्या मीटिंगा कव्हर करायला मिळाल्या. रिचर्डला स्वतःचा शो मिळाला. लोकांची नाडी ओळखतो म्हणे.

काकांना सिटिझनशिप मिळाली. शपथ घेऊन घरी पोचताच त्यांनी मला फोन केला. "आता खराखुरा व्होटर झालो! पाठव तुझ्या साहेबाला."

"काका, कुणाला मत द्यायचं ते ठरलंय का?"

"तुला कसा पाहिजे? ठरलेला की न ठरलेला?"

यजमान पाहुण्याला हवं तेच वाढतो. रिचर्डच्या धंद्यात त्याला जनमत म्हणतात.