पाळणा म्हणजे ते नव्हे

मी एसटीत कंडक्टर, चंद्रपूर–मूल गाडीवर. आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, असं माझा नवराच म्हणतो. तो कोळसा खाणीत, कधी सकाळच्या पाळीत, कधी रात्रीच्या. पोरगी वर्षाची झाली आणि तिला सांभाळणारी शेजारीण आपल्या लेकाकडे वरोऱ्याला निघून गेली. झालं! पोरीला ठेवायचं कुठे? एवढ्या खटपटीने मिळवलेली नोकरी आता सोडावी लागणार, या विचाराने मी घरातल्या भांड्यांवर राग काढत होते.

तेवढ्यात आमच्या अंगणवाडीच्या बाई सांगत आल्या, गावात दिवसभराचं पाळणाघर मिळू शकतं. आया कामावर गेल्या की लेकरांचं खाणं, झोपणं, खेळणं सगळं तिथेच, आणि खर्च सरकारचा. फक्त लेकरं पुरेशी पाहिजेत, नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाणार. योजनेचं नाव 'पाळणा'. मी म्हटलं, "चला बाई, घाला चप्पल."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी घरोघर फिरलो. "पाळण्यात नाव द्या वो," असं मी हसत सांगायची आणि समोरचं दार लागायचं. एकीने तर सुनेला मागच्या दाराने पिटाळलं. मला असा संताप आला! फुकट मिळतंय तरी नको म्हणजे काय? शेवटी एका म्हातारीने कमरेवर हात ठेवून मला झापलंच.

"काऊन वो, माह्या सुनेले एकच लेकरू हाये. आतापासूनच तिचा पाळणा बंद करून राह्यली का? आमाले आपरेशन नाई कराचं!"

अगं बाई गं! दवाखान्याच्या भिंतीवर 'पाळणा लांबवा' वाचत मोठा झालेला आमचा गाव. आम्ही सकाळपासून दारोदार नसबंदीसाठी नावं मागत फिरत होतो म्हणायचं! अंगणवाडीच्या बाई हसून हसून तिथेच ओट्यावर बसल्या.

मग मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी सरळ धानाच्या बांध्यांवर गेले. रोवणा चालू होता. बाया चिखलात ओणव्या, रोपं लावताहेत, लेकरं धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, छत्रीखाली. मी स्टँडवरचा आवाज लावला. "लेकरं ठेवाची जागा हाये वो! सकाळी सोडा, संध्याकाळी न्या! खाणंपिणं सरकारचं, तिकीट नाई! आन आपरेशन बिलकूल नाई!"

सगळ्या बाया खो खो हसल्या. सगळ्यात आधी वर आली ती कालचीच म्हातारी. तिचा नातूही छत्रीखालीच होता. "असं सांग ना मंग सरळ! सूनबी रोवण्यात, मीबी रोवण्यात. लिव माह्या नातवाचं नाव." ती आली तशा बाकीच्याही आल्या.

पाळणाघर सुरू झालं. पहिल्या दिवशी पोरीला सोडताना मीच रडले, ती मात्र खुळखुळ्यात दंग. संध्याकाळी गाडीवरून उतरून धावतच गेले, तर दारात ती म्हातारी, शेतातून परस्पर आलेली.

"काय आजी, नातवाशिवाय करमलं का?" मी चेष्टा केली.

"आज बसून जेवली वो बाई," ती म्हणाली. "पोटची लेकरं झाली, नातवंडं झाली. पर मांडीवर कोणी नाई, डोळा धुऱ्यावर नाई, अशी आज पयल्यांदा जेवली."

मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी आपापलं लेकरू घ्यायला आत गेलो.